दोन ब्रेकची जीप

कोणी चहाला आलं की ते दोन्ही तळहात शेजारी शेजारी धरायचे. "ह्यो मास्तर, ह्यो शिकणारा. दोघांफुडं सारखीच दांडी. पोरगं चुकलं, की मास्तर सावरनार." मग तळहात एकदम वर उडायचे, आणि आपण कपबशी सांभाळायची.

चौक गावातले हे माझे शेजारी नौदलातून निवृत्त होऊन आले होते. गोव्याच्या तळावर नव्या वैमानिकांना ज्या जेट विमानात शेजारी बसवून शिकवत, त्याचे ते मेकॅनिक. स्वतः त्यात बसून एकदाच उडाले होते. कसं वाटलं, विचारलं की म्हणायचे, "पोटातलं समदं टोपीत. धुवाया लागली."

गावी येऊन त्यांनी जुनी जीप घेतली आणि ती बायकोला चालवायला शिकवायचं ठरवलं. तेव्हा आमच्याकडे बाईने सायकल चालवली तरी लोक बघायला ओट्यावर यायचे. यांनी गॅरेजमधून डाव्या बाजूलाही ब्रेकचं पायडल बसवून घेतलं. वहिनी गिअर टाकायच्या, हे ब्रेक दाबायचे. जीप उचक्या देत कुंभिवलीपर्यंत जायची. एकदा मी मागे बसलो होतो.

"अवं, पाय काढा की! मी चालवतेय का तुमी?"

"तूच गं. मी नुसता बसलोय."

नुसता बसलेला माणूस इतका घामाघूम झालेला मी दुसरा पाहिला नाही.

एका दुपारी वहिनींना शेजारी बसवून तेच जीप चालवत असताना त्यांच्या छातीत कळ आली. गाडी कशीबशी कडेला घेतली. वहिनींनी त्यांना डावीकडे सरकवलं आणि ट्रकांमधून वाट काढत थेट खालापूरचा दवाखाना गाठला. वाटेत डावा ब्रेक एकदाही लागला नाही. त्यांचा पायच उचलत नव्हता.

बरे होऊन घरी आल्यावर त्यांनी आधी ते पायडल काढून टाकलं. मी कारण विचारलं.

"पोरगं एकटं उडून परत आलं, की मास्तरनं उतरायचं आसतं, गुरुजी." बोलताना मात्र ते माझ्याकडे बघत नव्हते.

पुढे काही वर्षांनी ते गेले. महिनाभराने वहिनींना खालापूरला कचेरीत जायचं होतं, सोबत म्हणून मी निघालो. परतताना हायवेवर जीप वळवायची होती. वहिनींनी ट्रक जाऊ दिले, सफाईने गाडी वळवली आणि सवयीने डावीकडे पाहिलं. तिथे मी होतो.

"बराबर वळली ना, गुरुजी?"

"एकदम बरोबर," मी म्हणालो.

मला गाडीतलं काडीचंही कळत नव्हतं.