विहीणबाईंशी डेडलिफ्ट

पाटबंधारे खात्याच्या कार्यालयातून निवृत्त झाले त्याच उन्हाळ्यात माझं मनगट मोडलं. वर्ध्याच्या बाजारात पिशवीतून निसटलेला कांदा धरायला वाकले आणि हातावर आपटले, एवढंच. प्लास्टर निघाल्यावर हाडांच्या डॉक्टरांनी तपासणीचा कागद पाहिला आणि म्हणाले, हाडं ठिसूळ होत चाललीत. गोळ्या घ्या आणि वजन उचला. मी म्हटलं, भाजीची पिशवी उचलतेच की. ते म्हणाले, तिनंच तर पाडलं तुम्हाला. जिममध्ये जा, कोणाच्या तरी देखरेखीखाली उचला.

घरी सांगितलं तर आमचे हे हसले. हे रेल्वेतून निवृत्त. रोज सकाळी मित्रांबरोबर फिरायला जातात आणि माणसाला फिरण्यापलीकडे काही लागत नाही, असं त्यांचं ठाम मत आहे. वजन उचलायला मी आहे ना घरात, असं ते म्हणाले. गेल्या काही वर्षांत त्यांनी वर्तमानपत्राखेरीज काय उचललं होतं, ते मी विचारलं नाही.

घराजवळ टायरच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर एक जिम होती. पहिल्या दिवशी पंजाबी ड्रेस घालून जिना चढले. आत पाऊल टाकताच गाणं बंद झालं. आरशासमोर दंड फुगवून उभ्या असलेल्या पोरांनी हात खाली घेतले. मी कोणाची आई आहे हे न विचारताच त्यांतल्या एकानं सांगून टाकलं, "काकू, तो आज आलाच नाई."

शिकवणारी बाई होती, तिशीतली, पूर्वी खो-खो खेळलेली. तिनं आधी माझी ओढणी काढून खुंटीला लावली. मग खुर्चीवर बसायला लावलं आणि उठायला लावलं. परत बसा, परत उठा. माझी सगळी नोकरी खुर्चीत गेली होती, आणि मला खुर्चीवर बसताच येत नाही असं त्या दिवशी कळलं. मी बसत नव्हते, पडत होते. दुसऱ्या दिवशी जिना उतरताना मी कठड्याला धरून रडायच्या बेतात होते, पण तिसऱ्या दिवशी परत गेले. कारण आमचे हे सकाळीच मित्रांना सांगत होते, दोन दिवसांचं खूळ आहे, उतरेल.

खूळ उतरलं नाही. हळूहळू खुर्ची गेली, हातात डंबेल आलं, मग लोखंडी दांडा आला. जमिनीवरचा दांडा दोन्ही हातांनी धरून, पाठ न वाकवता सरळ उभं राहायचं, याला डेडलिफ्ट म्हणतात. आमच्या ह्यांनी नाव ऐकलं आणि म्हणाले, शुभ नाव तरी ठेवायचं. मला मात्र त्या दांड्याचा लळा लागला. मी वेळेवर झोपू लागले. लग्नाच्या पंगतीत जिलेबी सोडून उसळीची वाटी दुसऱ्यांदा मागू लागले. हळदीकुंकवाला कोणाच्या हातून चमचा पडला, तर आधी पाय रोवून, कंबर मागे नेऊन मगच तो उचलायची. बायका बोलणं थांबवून बघत राहायच्या. गॅसचं सिलिंडर आलं की आणणारा माणूस ते दारातच ठेवून जाऊ लागला. त्यालाही सवय झाली.

या सगळ्याची पहिली झळ पोचली विहीणबाईंना.

विहीणबाई म्हणजे माझ्या मुलीच्या सासूबाई. मूळच्या सिंदी रेल्वे या गावच्या, तिथं त्यांचं किराणा दुकान. ते मोठ्या मुलावर सोपवून त्या वर्ध्याला धाकट्याकडे, म्हणजे माझ्या जावयाकडे राहायला आल्या होत्या, आमच्यापासून दोन गल्ल्या सोडून. मुलाची आई असल्यानं मान त्यांचा. साडी त्यांना आधी, पान त्यांना आधी, शेवटचा शब्द त्यांचा. आमच्यात कधी भांडण झालं नाही, कारण मी कधी होऊ दिलं नाही.

पण आमची नात दोन वर्षांची, चांगली गुबगुबीत. तिला सारखं कोणीतरी उंच उचलायला हवं असायचं. विहीणबाईंनी एकदा उचललं की त्यांचा खांदा धरायचा. मी मात्र तिला उचलतच राहायची. पुढे पुढे पोरगी माझी चाहूल लागली की त्यांच्या मांडीवरून उतरून पळत यायची. विहीणबाई नुसत्या पदर सारखा करायच्या.

एके सकाळी मी दांडा उचलून उभी राहिले, तर आरशात मागे विहीणबाई. चापूनचोपून नेसलेली साडी, पायात नवे कोरे बूट. जावयानं जिन्यापर्यंत सोडलं होतं.

"इहीणबाई, मले बी शिकवा म्हणा हिले," त्या शिकवणाऱ्या बाईकडे बोट करून म्हणाल्या. "तुमीच काऊन उचलान लेकराले?"

पोरांनी त्यांना बसायला जागा करून दिली. पण त्या बसल्या नाहीत, आणि त्यानंतर एक दिवसही चुकल्या नाहीत. आठवडाभरात साडी गेली आणि सलवार आली. खांदा धरायचा थांबला. मी किती वजन लावलं ते त्या माझ्याकडे न बघता बघायच्या, मी त्यांचं तसंच.

जिमच्या वाढदिवसाला डेडलिफ्टची स्पर्धा ठरली. पन्नाशीपुढच्या बायकांच्या गटात तीन नावं आली. एका मुख्याध्यापिका होत्या, त्यांनी रक्तदाबामुळे माघार घेतली. उरलो आम्ही दोघी.

त्या आठवड्यात मला सगळ्यांनी समजावलं. हे म्हणाले, मुलीचं सासर आहे, जरा सांभाळून उचल. माझ्या बहिणीनं पुलगावहून फोन करून तेच सांगितलं. जावयांचा चेहरा बघवत नव्हता. एकट्या मुलीनं बजावलं, "आई, मुद्दाम हरशील तर मी तुझ्याशी बोलणार नाही."

स्पर्धेच्या दिवशी माइकवाल्यानं, आता मुलीकडची आणि मुलाकडची, अशी सुरुवात केली आणि लोकांनी खुर्च्या पुढे ओढल्या. पहिल्या दोन वजनांना आम्ही बरोबरीत होतो. तिसरं वजन साठ किलो. मी म्हटलं, विहीणबाई, आधी तुम्ही. त्या म्हणाल्या, नाही, तुम्ही. मी म्हटलं, तुमचा मान. आमचं हे एवढं लांबलं की पंचांनी घड्याळाकडे बघितलं. तेव्हा विहीणबाई माझ्याजवळ येऊन हळू आवाजात म्हणाल्या, "माया मान लग्नात झाला. इथं मुकाट्यानं उचला."

मी गेले. श्वास भरला, पाय रोवले आणि जीव खाऊन ओढलं. दांडा गुडघ्यापर्यंत आला, तिथं जरासा थरथरला आणि खाली गेला. मग विहीणबाई आल्या. त्यांनी तोच दांडा ओढला, चेहरा मिरचीसारखा लाल झाला, पण उभ्या राहिल्या. नात टाळ्या वाजवत होती. कोणासाठी, ते तिलाही माहीत नसावं.

आणि मग कौतुक सुरू झालं. माझं. पाहुण्यांनी मला घेरलं. काय समजूतदारपणा, कसा मान राखला, कोणाच्या लक्षातही येऊ दिलं नाही. ह्यांनी पाठ थोपटली. मुलगी दोन दिवस खरंच बोलली नाही. मी सांगत होते की अहो, उचललंच नाही माझ्यानं. तर लोक म्हणाले, बघा, वर नम्रही आहे.

परवा पुलगावला बहिणीच्या मुलाच्या साक्षगंधात, म्हणजे साखरपुड्यात, तेच. होणाऱ्या सुनेच्या आईला माझं उदाहरण देऊन झालं. विहीणबाई शेजारीच बसल्या होत्या. त्यांनी ऐकून घेतलं, आणि बाया पांगल्यावर माझ्याकडे वळल्या.

"खरं सांगा. सोडून तं नाई देल्लं?"

"नाई हो. जिवाच्या आकांतानं ओढलं. नाई आलं."

त्यांच्या जिवात जीव आला. पण राग गेला नाही. "मंग मायी तारीफ काऊन नाई करून राह्यले कोणी? साठ किलो उचललं मी."

मी उठून उसळीच्या दोन वाट्या आणल्या, एक त्यांना दिली, आणि सोमवारी किती वजन लावायचं यावर आमची तिथंच जुंपली.