कांद्याच्या रोपात उतरलेला पायलट
परवा सुनेनं जुन्या स्टोव्हमधलं रॉकेल मोरीत ओतलं, आणि त्या वासासरशी मला राहुरीजवळच्या आमच्या मळ्यातली ती सकाळ आठवली. हिवाळा होता, कांद्याच्या रोपावरचं दव अजून वाळलं नव्हतं. लष्कराच्या शिकाऊ पायलटांची विमानं रोजच वरून जायची, म्हणून मी मान वर केली नव्हती. अचानक आवाज घरघरला. पाहते तर इंजिनातून जाळ निघत होता. विमान टेकाडापलीकडं कोसळलं, जमीन हादरली, रॉकेलसारखा उग्र वास पसरला, आणि एक माणूस हवाई छत्रीसकट माझ्या वाफ्यात येऊन पडला. ते लांबलचक कापड रोपावरून फरफटलं, तशी मी ओरडले, “आरं, डोळं फुटलं का तुझं? समदं रोप मोडलंस की!” तो कसाबसा उठला. कपाळातून रक्त येत होतं. “माफ करा, मावशी,” तो म्हणाला, “दुसरी छत्री कुठं उतरली, दिसली का?” “एकच हुती,” मी फणकाऱ्यानं म्हणाले. पाणीसुद्धा विचारलं नाही. तो क्षणभर धुराकडं बघत राहिला आणि लंगडत टेकाडाकडं निघाला. वाफ्यांतून सरळ गेला असता तर लवकर पोचला असता. पण माझं रोप तुडवायला नको म्हणून तो लांबच्या बांधावरून गेला. तो शिकवणारा पायलट होता आणि त्याचा विद्यार्थी विमानातच जळाला, हे दुपारी कळलं. आजही कुणी विचारलं की मी आवाजाचं सांगते, धुराचं सांगते. मी त्याला काय बोलले, ते मात्र घरातसुद्धा कुणाला सांगितलेलं नाही.