चौथा कोपरा

छबूबाईला शिस्त फार. गोधडी शिवायला बसली की तिच्या अंगातच यायचं. कुणी टाका लांब घातला तर बोटांवर चापट बसायची, मग ती बाई वयानं मोठी का असेना. मी अंगणवाडीत सारी उमर पोरांना वळण लावलं, पण तिच्यापुढं मीच अंगणवाडीतली. कोल्हारात आमची घरं भिंतीला भिंत लागून, त्यामुळे तिचं ओरडणं मला रोजचंच. खरं सांगते, राग यायचा मला तिचा. तरी दुपारची भांडी आवरली की पाय तिच्याच गच्चीकडं वळायचे.

नवरा बन्सीभाऊ गेल्यापासून गोधड्यांवरच तिचं घर चाललं. एकुलती एक लेक आरती, तिला शिकवून संगमनेरात दिली. लोक जुन्या साड्या, लुगडी आणून टाकायचे. ही ती सोड्याच्या उकळत्या पाण्यातून काढायची, वाळवायची, थरावर थर अंथरायची आणि काठाकडून आत ओळीनं टाके घालत सुटायची. यंदा भंडारदऱ्याच्या तंबूवाल्यांनी तिला मोठ्या गोधड्या सांगितल्या होत्या. "बघ की जयमाले," ती म्हणायची, "घरची गादी सोडून लोक थंडीत तंबूत झोपाय जात्यात, आन पांघराया माज्या चिंध्या मागत्यात. येडी हायेत का काय?" आणि स्वतःच खदखदून हसायची.

तिच्या कामाच्या दोन गोष्टी सांगायला हव्यात. एक, ती दोऱ्याला गाठ कधी मारत नसे. गाठ अंगाला टोचते म्हणून दोऱ्याचं टोक आतल्या थरांत असं लपवायची की तिचं तिलाही परत सापडायचं नाही. आणि दुसरी, बाळाची गोधडी असली तर तीन कोपरे शिवायचे आणि चौथा उघडा ठेवायचा. बाळ जन्मलं, रडलं, की मगच तो बंद. "येनाऱ्यासाटी दार उघडं नको व्हय?" असं म्हणायची. घाई करणाऱ्या कितीतरी पोरींना तिनं यावरून झापलेलं मी ऐकलंय.

आरतीचं हे दुसरं बाळंतपण. पहिलं बाळ पोटातच गेलं होतं. तेव्हापासून छबूबाई देवाचं नाव घ्यायलाही बिचकायची, उगाच कुणाची नजर नको म्हणून. या खेपेला आरतीचं बीपी वाढलं आणि डॉक्टरांनी तिला आधीच दवाखान्यात ठेवून घेतलं. सोमवारी ऑपरेशन ठरलं. रविवारी संध्याकाळी छबूबाई जाणार होती, बाळाची गोधडी घेऊन.

त्या शनिवारी थंडी अशी की प्रवरेवरचं धुकं उन्हं वर आली तरी हलेना. आम्ही दोघी गच्चीवर उन्हात बसलो. तंबूवाल्यांची एक गोधडी सकाळीच हातावेगळी केली, दुसरीचा काठ घातला. मग तिनं पिशवीतून बाळाची काढली. स्वतःची लुगडी होती ती, धुवून धुवून सायीसारखी मऊ झालेली. तेवढ्यात आरतीचा फोन आला.

"आई, झाली का गं माझी गोधडी?"

"तुजी कशाची? माज्या नातवंडाची हाय," छबूबाई म्हणाली. "येक कोपरा ऱ्हायलाय. त्यो बाळ आल्यावर."

"इथं लई गार पडतंय गं. बाळ कुडकुडलं तर?"

"कुडकुडंल कशाला? मी हाय न्हवं?"

तिनं फोन ठेवला. मग सुईत दोरा ओवला. मी बघते तर ही चौथा कोपरा दुमडायला लागलेली.

"अगं छबू, काय करतीस?"

"गप. सोमवारी बाळ आलं आन म्या तितं कोपरा शिवत बसू? थंडी काय माज्यासाटी थांबती का? आल्या आल्या गुंडाळाया पायजे." तोंडानं बोलत होती, हात चालूच. "त्या डॉक्टरनं सगळं चांगलं हाय म्हून सांगितलंय. आता काय व्हतंय?"

आयुष्यभर नियम सांगितलेली बाई, स्वतःच मोडत होती. पण चेहरा असा फुललेला, मी कशाला बोलते? कोपऱ्यावर लाल खणाचा तुकडा बसला, टोक आत गेलं, गोधडी झाली. तिनं ती गालाला लावली, मग माझ्या गालाला लावली. इतकी खूश मी तिला बन्सीभाऊ असतानाही पाहिली नव्हती.

रविवारी सकाळी मी चहा टाकत होते, तर तिची हाक आली. साधी हाक नव्हती ती. धावत गेले. फोन स्पीकरवर होता आणि जावई सुनील बोलत होता.

"मामी, आरतीला एकदम त्रास झाला, पहाटंच ऑपरेशन केलं. मुलगी झालीय. पण श्वास घेत न्हाई नीट. काचेच्या पेटीत ठेवलीय. तुमी या लवकर. आन ती गोधडी आणा, आरती सारखी विचारतीय."

मी लगेच शेजारच्या गहिनीनाथला गाडी काढायला सांगितली. लुगडं बदल म्हणून छबूबाईला सांगायला आत आले, तर ही जमिनीवर बसलेली. मांडीवर गोधडी, हातात ब्लेड.

"म्या दार लावलं," ती म्हणाली. "जयमाले, म्या माज्या हातानं दार लावलं."

"काय बोलतीस? ऊठ आधी!"

"कोपरा उसवते. तेवडा उसवला की येते. तिला श्वास घ्याया जागा व्हईल."

मी तिचा दंड धरला, ओढला. मला झिडकारलं तिनं. बाहेर गहिनीनाथ हॉर्न वाजवतोय, आणि ही वाकून दोऱ्याचं टोक शोधतीय. ते कुठं सापडायला? तिनंच लपवलेलं. एक टाका तोडला की पुढचा घट्ट, तो तोडला की त्याच्या पुढचा. कोपरा कुठं सुरू झाला आणि कडेची ओळ कुठं संपली, काही कळेना. मग तिनं कडेपासून सगळीच उसवायला घेतली. बोटं कापली, लुगड्यावर रक्ताचे डाग पडले, तरी थांबेना.

"छबे, अगं गोधडीनं कुणाचा जीव जातो का?" मी ओरडले, शिव्यासुद्धा दिल्या. "तिकडं नात वाट बघतीय, लेक वाट बघतीय, आणि तू इथं चिंध्या करत बसलीस!"

"तुला न्हाई कळायचं," ती म्हणाली. "लेकराला आडवलंय म्या."

मी रडकुंडीला आले. शेवटी गहिनीनाथ आत आला, आम्ही दोघांनी मिळून तिला उचलून गाडीत घातली. मागं घरात नुसते थर पडलेले. गाडीतही तिच्या ओंजळीत तुटके दोरे होते. ती पुटपुटत होती, "सगळं मोकळं केलं आता. आता व्हईल चांगलं. व्हईल ना गं?" व्हईल म्हणाले मी. दुसरं काय म्हणणार होते?

दवाखान्याच्या पायऱ्यांवर सुनील भेटला. त्याचा चेहरा बघूनच मी समजले. पोरगी नुकतीच गेली होती. आम्ही वेळेत निघालो असतो तर छबूबाईनं तिला जिवंत पाहिली असती.

आरती खाटेवर पडून होती. शेजारी दवाखान्याच्या हिरव्या फडक्यात ते एवढंसं लेकरू. केस दाट, आरतीसारखे. छबूबाईनं एकदाच पाहिलं आणि खाटेची दांडी धरून खाली बसली. आरती रडत नव्हती. तिचं रडून झालं होतं बहुतेक.

"आई," ती म्हणाली, "हे आता तिला मातीत ठेवाया नेत्यात. माती लई गार असंल गं. गोधडी दे, तीत गुंडाळते."

छबूबाईनं माझ्याकडं पाहिलं. देवा, ती नजर. सुनील दारात उभा होता, तोही आमच्या रिकाम्या हातांकडं बघत होता.

"बाई," छबूबाई कशीबशी म्हणाली, "झालीच न्हाई गं ती. कोपरा ऱ्हायला."

आरतीनं हात लांब केला. आईच्या डोक्यावरून फिरवला, लहान पोराच्या फिरवावा तसा.

"असू दे," ती म्हणाली. "तुजा काय दोष? मीच घाई केली."