आमच्या घोंगडीचा मोर्चा

वयाच्या नवव्या वर्षापर्यंत मी अंथरूण ओलं करत होते. हे आज इतक्या शांतपणे लिहिते आहे, कारण ज्यांच्यापासून ते लपवायचं होतं त्यांतलं कुणीच आता घोडपदेवला राहत नाही.

तेव्हा संयुक्त महाराष्ट्राचा लढा ऐन रंगात होता. मुंबई आपल्याला मिळणार की नाही, ही काळजी मोठ्या माणसांना होती. मला काळजी एकच, चाळीला कळलं तर? आमच्या चाळीत आईबापांनी ठेवलेलं नाव शाळेच्या दाखल्यापुरतं असे. खरं नाव चाळ ठेवायची आणि ते जन्माला पुरायचं. जिन्यावरून एकदाच (आणि तेही पावसात) घसरलेले एक गृहस्थ शेवटपर्यंत 'घसरगुंडी' राहिले. समोरच्या चाळीतल्या सुमनचं गुपित फुटलं, ती 'मुतरी सुमन' झाली. पुढे तिच्या लग्नाच्या मांडवात एक म्हातारी कौतुकानं म्हणाली, "मुतरी आज काय गोड दिसते!"

माझ्यावर घरात उपाय चालूच होते. दिवेलागणीनंतर पाणी बंद. देवाचा अंगारा. मग कुणीतरी सांगितलं म्हणून रोज तिळाचे लाडू. लाडवांनी मी गुटगुटीत झाले, बाकी काही फरक नाही. आई कधीकधी वैतागायची. मग बाबा तिला म्हणायचे, "झोपलेल्या पोराक काय कळता? वरडू नको तिका." बाबा गिरणीत दुसऱ्या पाळीला. घरी आले की जेवायच्या आधी मला उचलायचे आणि गॅलरीच्या टोकाला घेऊन जायचे. मी गाढ झोपेत सगळं उरकायचे, गाढ झोपेतच परत यायचे आणि पहाटे पुन्हा नव्यानं सुरुवात करायचे. इतका कष्टाळू स्वभाव नंतर माझ्यात कधी दिसला नाही.

माझ्याखाली काळी घोंगडी अंथरायची कल्पना बाबांचीच. पाळीभर मागावर पांढरं सूत बघणारा माणूस; त्यांचं म्हणणं, काळ्यावर डाग दिसत नाही. खरंच दिसायचा नाही. पण ओल्या लोकरीला मेंढीचा वास येतो आणि त्यात माझी भर. आई चाळ उठायच्या आत घोंगडी गच्चीवर टाकून यायची. जिन्यात शेजारच्या काशीकाकू भेटायच्याच.

"पुन्हा ढेकूण?"

"पुन्हा."

"परवाच तर झाले होते गो."

"ते वेगळे."

सबंध घोडपदेवात सगळ्यात जास्त ढेकूण आमच्या खोलीत आहेत, अशी आमची ख्याती होती. आईनं ती अभिमानानं सांभाळली.

आणि मग तो काळ्या निशाणांचा दिवस आला. कुणी एक मंत्री आमच्या रस्त्यावरून जाणार होता. घराघरावर काळं फडकलं पाहिजे, असा चाळीच्या मंडळाचा हुकूम सुटला. हिंदमाताच्या दुकानांत काळं कापड औषधालाही उरलं नव्हतं. लोकांनी छत्र्या टांगल्या, परकर टांगले, एकानं तर वकील भावाचा कोट टांगला. गच्ची पोरांनी भरून गेलेली, म्हणून आईनं नाइलाजानं घोंगडी गॅलरीच्या कठड्यावर टाकली. म्हटलं, एवढ्या काळ्यात कोण बघतंय!

मंडळाच्या दाजीकाकांनी बघितली. दाजीकाका पत्र्याच्या कर्ण्यातूनच बोलत, अगदी चहा मागतानासुद्धा. ते खालून ओरडले, "बघा! सगळ्यांनी चिंध्या लावल्या आणि हा एक मर्द गडी! अख्खी घोंगडी! दोन बांबू आणा, हेच निशाण मोर्च्याच्या पुढे!"

आई म्हणाली, "अहो नको, ढेकूण आहेत तिच्यात."

"लढ्यात रक्त सांडायचं ठरलंय वहिनी, ढेकणांना कोण भितो?"

दोन पोरं वर आली आणि घोंगडी घेऊन गेली. मी दाराच्या आडून बघत होते. दाजीकाकांनी ती बांबूला बांधायला दोन्ही हातांनी कवटाळली. मग थांबले. नाक फेंदारलं. पुन्हा हुंगलं. कर्णा तोंडाजवळच होता, त्यामुळे पुढचा प्रश्न तीन चाळींनी ऐकला.

"ही ओली कशी? आणि हा वास कसला?"

"अश्रुधुराचा असेल," एकजण म्हणाला.

"अश्रुधुरानं डोळ्यांना पाणी येतं रे. घोंगडीला नाही."

काशीकाकूंच्या चेहऱ्यावर सगळे ढेकूण एकदम उलगडत चाललेले मला दिसले. त्यांनी आईकडे पाहिलं, मग दाराकडे, मग दाराखालून दिसणाऱ्या माझ्या पायांकडे. माझं नाव त्यांच्या ओठांवर तयार होत होतं. तेवढ्यात बाबा मिश्री लावलेल्या तोंडानं कठड्याशी आले. चूळ भरली. आणि भाजीचा भाव विचारावा इतक्या सहज म्हणाले, "माझी आसा ती. माका लहानपणापासनाच तसा होता."

सगळ्या माना आमच्या कठड्याकडे वळल्या. चाळीस वर्षांचा, पिळदार मिशांचा, मागावर दोन माणसांचं काम करणारा माझा बाप! दाजीकाकांनी क्षणभर विचार केला, पण एवढं मोठं काळं दुसरं होतंच कुठे? कर्णा उचलून म्हणाले, "लढ्याला चालतं!"

मोर्चा निघाला. पुढे दाजीकाका आणि घोंगडी, मग बरंच अंतर, मग बाकीची चाळ. नाक्यावर पोलिसांची फळी होती. वारा आमच्या बाजूनं होता. फळी दुभंगली, आणि आमच्या मोर्च्याला त्या दिवशी एक लाठीसुद्धा बसली नाही. (हे दाजीकाकांचं म्हणणं. मी घरात तोंड लपवून बसले होते.)

संध्याकाळपर्यंत बाबांचं बारसं झालं, 'घोंगडी'. चाळीतून ते गिरणीत पोचलं. खात्यातली माणसं हाक मारायची, "काय घोंगडी, आज कोरडे ना?" बाबा हसून म्हणायचे, "आज कोरडे." मी एकदा रडत रडत त्यांना म्हटलं, "बाबा, तुम्ही खोटं का सांगितलंत?" ते म्हणाले, "माका एक नाव जास्त झाला तर काय होता गो? तुका अजून मोठा व्हायचा आसा." त्यांना लहानपणी खरंच तसं होत होतं का, हे मी कधी विचारलं नाही. आता फार वाटतं, विचारायला हवं होतं.

पुढे वर्षभरात माझं आपोआपच थांबलं. श्रेय लाडवांनी घेतलं. पण कामावरून दमून आलेला तो माणूस, ताट वाढलेलं असताना आधी मला खांद्यावर टाकणारा, सुताच्या आणि तेलाच्या वासाचा तो खांदा... तसं कुणी मला नंतर उचललं नाही. कोरडी होऊन मी काय कमावलं, असं कधीकधी वाटतं.

बाबा गेले तेव्हा मी पन्नाशीला आले होते. मंडळाच्या फळ्यावर त्यांचं नाव लिहिलं, पण नुसत्या नावानं कुणाला ओळख पटेना. मग कंसात 'घोंगडी' लिहिलं आणि अख्खी चाळ जिना चढून आली. माणसं पायरीपायरीवर उभी होती. चाळीत नव्यानं राहायला आलेल्या कुणीतरी खालचा फळा वाचून मला विचारलं, "ताई, घोंगडी का म्हणायचे हो त्यांना?"

खरं सांगायची ती शेवटची संधी होती. बाप समोर निजलेला, माझ्या डोळ्यांना धार लागलेली.

मी पदरानं डोळे पुसले आणि म्हटलं, "त्यांना थंडी फार वाजायची."