दातारांच्या मायनरचा पेट्रोल-स्विच

जुनी गाडी बाळगणाऱ्यांकडे सुटे भाग कमी आणि किस्से जास्त. भाग मागवले तरी येत नाहीत, किस्से न मागवता येतात! आमच्या रविवारच्या चहाच्या ग्रुपकडे इतके साठलेत, की ठेवायला वेगळी डिकी लागेल. त्यातले हे थोडे, सगळे दातारकाकांच्या मायनरचे.

मी काकांची भाडेकरू. मूळची यवतमाळची, नोकरी हिंजवडीत, खोली सदाशिव पेठेत त्यांच्या वरच्या मजल्यावर. इलेक्ट्रॉनिक्स शिकले आहे हे एकदा बोलून गेले, आणि तेव्हापासून माझे रविवार मायनरखाली जायला लागले.

*

मायनरचा मूळचा पेट्रोल पंप गेला. रस्त्यावर रोज नवनव्या मॉडेलच्या गाड्या येत होत्या, त्यात हिचा पार्ट कोण ठेवणार? शेवटी काकांनी विजेवर चालणारा पंप आणला.

आमच्या ग्रुपमधले पेंडसे, दातांचे डॉक्टर, त्यांनी लगेच बजावलं, "दातार, जपून. हा पंप इंजिनवर नाही, किल्लीवर चालतो. धडक बसून इंजिन बंद पडलं तरी हा पेट्रोल ओततच राहणार. पाइप फुटलेला असला तर भडका!"

"मी आजवर कुणाला धडकलेलो नाही."

"आणि समोरचा धडकला तर?"

"त्याची जबाबदारी मी घेतलेली नाही."

आतून मंगलाकाकूंचा आवाज आला, "सेफ्टीचा काय तो स्विच बसेपर्यंत मी गाडीत बसणार नाही." विषय संपला!

धक्का बसला की पंपाची वीज आपोआप तोडणारा स्विच डॉक्टरांनी जुन्या बाजारातून शोधून आणला. अपघातात चेपलेल्या एका नव्या गाडीतून काढलेला.

काकांनी तोंड वाकडं केलं. "अपघातातल्या गाडीचा?"

काकूंनी तो हातात घेऊन उलटसुलट पाहिला. "असू दे. अनुभवी आहे."

*

वायरिंग मी केलं. किल्लीपासून फ्यूज, फ्यूजपासून स्विच, तिथून मागे टाकीजवळच्या पंपापर्यंत वायर. किल्ली फिरवली आणि पंप टिकटिक टिकटिक करायला लागला.

आता टेस्ट कशी करायची? गाडी आपटून तर बघता येईना! डॉक्टर म्हणाले, स्विच पक्का बसवायच्या आधी नुसताच ठोकून बघू. हातोडी म्हटल्यावर काका कळवळले. तेवढ्यात काकू पोळ्या टाकून बाहेर आल्या आणि हातातल्या लाटण्यानं स्विचला एक टोला दिला.

टिकटिक बंद!

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. काका म्हणाले, "यात नवल काय? त्या लाटण्याच्या आवाजानं मीसुद्धा गप्प होतो."

*

एकदा माझे बाबा न कळवता यवतमाळहून आले. मुलगी पुण्यात कशी राहते ते बघायला. तेव्हा मी गाडीच्या दारातून आत आडवी होऊन स्विच आतल्या पत्र्यावर पक्का बसवत होते. बाबांना दिसले फक्त माझे पाय.

"शुभे, काय करून रायली तू?"

"स्विच लावून रायली, बाबा."

"याच्यासाठी शिकवलं का तुले?"

काका खुर्चीतून उठले. "या, बसा. आम्हा दोघांचा जीव त्या वायरिंगवर अवलंबून आहे. असं काम आम्ही कुणाच्याही हाती देत नाही."

बाबांनी पिशवी खाली ठेवली, गुडघ्यावर बसले आणि माझ्या हातातला टॉर्च काढून घेतला. "धर तू पाना. मी उजेड दाखवतो."

संध्याकाळी बाबांनी बूथवरून आईला फोन केला, तो मी शेजारी उभी राहून ऐकला. "पोरगी गाडीखाली रायते. पन मानसं चांगली हायेत."

*

स्विच बसल्यावर काकूंना धीर आला. इतका, की त्या स्वतःच गाडी चालवायला शिकल्या! काका डावीकडे बसून, नसलेला ब्रेक दाबून दाबून दमायचे.

एका सकाळी माझी कंपनीची बस चुकली. काकू म्हणाल्या, "चल, मी सोडते." मायनर हिंजवडीच्या गेटात शिरली तशी पोरं गोळा झाली. आमचा मॅनेजर पुढे आला. "वाव, आंटी! ॲव्हरेज किती देते?"

"ते माहीत नाही," काकू म्हणाल्या. "तुमची बस आली का?"

बस वाकडच्या ट्रॅफिकमध्ये अडकलेली होती!

*

मग काकांना अर्धांगवायूचा झटका आला. वाचा राहिली, पण डावा हात गेला. काकांचं तिरकस बोलणंही त्याबरोबर गेलं. फिजिओथेरपीला न्यायचं म्हटलं की एकच शब्द, "कशाला?" बोटं हलवून बघा म्हटलं की मान फिरवायचे. काकू रोज त्यांना मायनरमध्ये बसवून क्लिनिकला घेऊन जायच्या.

एका सुट्टीच्या दिवशी मीही मागे बसले होते. टिळक रोडला सिग्नलजवळ गाडी थांबली आणि मागून एका रिक्षानं धाडकन ठोकलं. इंजिन बंद. पंपही बंद. स्विचनं आपलं काम चोख केलं होतं!

काकू उतरल्या. वाकून खाली पाहिलं, वास घेतला. पेट्रोल कुठेही गळत नव्हतं. परत येऊन बसल्या. आता स्विचवरचं बटण दाबलं की पंप पुन्हा चालू. ते काकांच्या डाव्या पायापाशी, दाराकडच्या पत्र्यावर होतं. मी पुढे वाकले.

"तू मागे बस," काकू म्हणाल्या.

काका त्यांच्याकडे बघत राहिले. मग उजवा हात वळवून तिकडे नेऊ लागले.

"तो नाही. डावा."

"मंगल, मागे लोक थांबलेत."

"थांबू देत."

हॉर्न सुरू झाले. रिक्षावाला खिडकीशी आला. "चुकलं, काकू. धक्का मारू का?"

"नको. आमचं काम चालू आहे."

काकांनी ओठ आवळले. डावा हात मांडीवरून सरकला, गुडघ्याशी अडला, घसरला, पुन्हा सरकला. काकू समोर सिग्नलकडे बघत होत्या आणि स्टिअरिंग त्यांनी गच्च धरलं होतं. बोट बटणाला टेकलं. निसटलं. परत टेकलं.

टिकटिक टिकटिक!

मग काका म्हणाले, "निघायचं का? की इथेच माझ्या बोटाचा सत्कार ठेवलाय?"

काकूंनी पदरानं डोळे टिपले, गाडी सुरू केली, आणि क्लिनिकचं वळण सोडून सरळ मंडईच्या दिशेनं घेतली.

"काकू, क्लिनिक मागे राहिलं!" मी म्हणाले.

"आजचा व्यायाम झाला," काकू म्हणाल्या. "अंजीर आलेत म्हणे."