अहो, ती दूर्वा नाही!

आमच्या आईने सबंध वर्ष घराचा उंबरठा ओलांडला नव्हता. प्रभादेवीला आमचं जुनं बैठं घर होतं, पुढे फरशी घातलेलं अंगण आणि अंगणात तुळस. आदल्या पावसाळ्यात तुळशीला पाणी घालायला गेलेली आई शेवाळावरून घसरली आणि पाय मोडून बसली. प्लास्टर निघालं, हाड जुळलं, डॉक्टर म्हणाले, आता खुशाल चाला. घरात चालायचीही, भिंतीला हात लावत. पण दार आलं की पाय जागीच अडायचे. "तूच घाल गं पाणी," म्हणायची आणि खिडकीत जाऊन बसायची. तिथून माझ्या पाणी घालण्यातल्या चुका काढायची.

मी आईवर गेलेय, डोकं चटकन तापतं. तिला समजावून पाहिलं, रागावून पाहिलं, एकदा तर सरळ हात धरून बाहेर ओढलं. ती अशी थरथर कापायला लागली की मीच घाबरले. तेव्हापासून माझा सगळा राग त्या फरशीवर.

मी तेव्हा फोर्टातल्या एका हापिसात टायपिस्ट होते. हापिसामागे, उंच भिंतीच्या सावलीत, हिरवळीचा एक तुकडा होता. डबा खाऊन झाला की मी चपला काढून त्यावर उभी राहायची. एवढा पाऊस कोसळायचा, पण तिथे चिखल नाही, घसरणं नाही, आणि पायांना काय सुख वाटायचं! एक दिवस उभ्या उभ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. अगं बाई, हेच की! फरशी उखडायची आणि हे घालायचं!

घरी येऊन दादाला सांगितलं. दादा माझा मोठा भाऊ. दिवसा डिलाईल रोडवरच्या गिरणीत कारकुनी आणि संध्याकाळी संयुक्त महाराष्ट्राची सभा. एक सभा चुकवायचा नाही, त्यामुळे घसा कायम बसलेला. तो पाटावरून उठलाच. "हिरवळ झालीच पाहिजे!"

आई म्हणाली, "लोक गवत उपटून टाकतात, आणि माझी कार्टी विकत आणणार. आणा, आणा. सोबत गाढवही आणा एक."

रविवारी आम्ही भायखळ्याला एका रोपवाटिकेत गेलो. मालक बोलका. त्याने आधी हरळी दाखवली. झटपट पसरते, पावसात फोफावते, उन्हाला दाद देत नाही. दादा खूश. मी म्हटलं, "अरे थांब! हरळी म्हणजे दूर्वाच ना? आपण राहतो कुठे? गणपतीच्या देवळाच्या शेजारी! चतुर्थी आली की गल्ली अंगण भादरून नेईल." मालक खो खो हसला. मग मागे घेऊन गेला आणि म्हणाला, हे घ्या, मनिला गवत. मी बघते तर काय, हापिसातलंच ते! बारीक, दाट, आखूड. थोडी सावलीही चालते म्हणाला, आणि आमच्या निम्म्या अंगणावर शेजारचा आंबा पसरलेला. फक्त स्वभावाने संथ, पेरून वाट बघत बसाल तर म्हातारे व्हाल, म्हणून मातीसकट तयार गादीच न्यावी लागते. पाणी मात्र तुंबू द्यायचं नाही, आणि नेल्या दिवशीच लावायची, मुळं सुकली की संपलं.

आषाढात उघडीप मिळाली तशी आम्ही फरशी उखडली. माती भुसभुशीत केली, रेती आणि शेणखत मिसळलं, गटाराकडे उतार दिला. आणि एका सकाळी हातगाडीवर गवताचे चौकोन रचून, वर ओलं गोणपाट टाकून निघालो. मी गाडीच्या मागे, पदर खोचून. वरात निघाल्यासारखं वाटत होतं मला!

लालबागला मोर्चा आडवा आला. ही गर्दी! ऊन तर असं चटकत होतं की गोणपाट डोळ्यांदेखत वाळलं. माझा जीव वरखाली. मी पुढे घुसून ओरडायला लागले, "अहो, वाट द्या, माझी मुळं सुकतायत!" एक स्वयंसेवक गोणपाट उचलून बघतो तर चौकोन पालथे रचलेले, वर नुसती माती. "हे काय नेताय?" दादा बसलेल्या घशाने म्हणाला, "मुंबई! दुसरं कोणी नेण्याआधी घरी नेतोय!" असा हशा उसळला म्हणता! माणसं बाजूला झाली, कोणीतरी पाणपोईवरून बादलीभर पाणी आणून गाडीवर ओतलं, आणि "झालाच पाहिजे"च्या गजरात आमचं गवत परळकडे निघालं.

घरी पोचल्या पोचल्या कामाला लागलो. विटा लावतात तसे चौकोन, सांधा सांध्यासमोर येऊ न देता, अगदी चिकटून लावायचे. मग दाबायचे कशाने? मला सुचलं ते मी केलं. खिडकीतून किंकाळी आली, "अगं सटवे, माझा वरवंटा! चिखलात!" मी म्हटलं, "मग ये बाहेर आणि घे काढून!" आली नाही. खिडकीच्या गजांना धरून नुसती धुमसत राहिली.

मग पाऊस सुरू झाला. गवत पिवळं पडलं आणि माझं तोंडही. एका कोपऱ्यात तळं साचलं, ते दादाने चर मारून गटारात काढलं. रोज हापिसातून आले की मी आधी एका चौकोनाचा कोपरा धरून हलकेच ओढून बघायची. तो रोज उचलून यायचा. आणि एक दिवस ओढला, तर हलेना! परत ओढला. हलेचना! "दादा, धरलं रे! मुळं धरली!" आम्ही दोघं घोडे अंगणात नाचलो. मग दारात जाऊन आईपुढे हात केला. तिने उंबऱ्यापर्यंत पाऊल आणलं, खाली बघितलं, आणि मागे घेतलं. "छान झालंय हो," म्हणाली. मला इतकं वाईट वाटलं, त्या दिवशी जेवले नाही मी.

गणपतीच्या आदल्या दिवशी मी आत करंज्यांचं पीठ मळत होते. आई खिडकीत. शेजारच्या काकू, कानाने जड, तबक घेऊन आमच्या अंगणात आल्या आणि बसून सरळ गवत खुडायला लागल्या.

"अहो, ती दूर्वा नाही!" आई खिडकीतून ओरडली.

"हो हो, बाप्पालाच," काकू म्हणाल्या. "एकवीसच घेते."

"अहो, दूर्वा नाही ती! पोरांनी जीव टाकून लावलंय!"

काकूंनी मूठभर उपटलं. मग आईचा आवाज एकदम माझ्या शेजारून गेला, दारातून गेला, आणि बाहेरून यायला लागला. मी पिठाच्या हातांनी धावले. आई अंगणाच्या मधोमध, अनवाणी, एक काडी काकूंच्या नाकापुढे धरून उभी. "तीन दळं कुठायत हिला? दाखवा! देवाला भलतंच वाहाल!"

काकूंच्या हातातलं तबक कलंडलं. "अहो, तुम्ही चालताय!"

"मग काय उडू?" आई म्हणाली. खाली आपल्या पायांकडे बघितलं. एक पाऊल टाकलं. मग अजून एक, तुळशीकडे. मी पुढे होणार तर तिने हाताने थोपवलं.

"मऊ आहे गं," म्हणाली. डोळे भरले होते तिचे. मग तुळशीच्या पानांवरून हात फिरवला आणि माझ्यावर खेकसली, "पार वाळवलीस की हिला! बघतेस काय? तांब्या आण माझा."