बबनचा उजवा हात

बबन गेल्याचं विलासनं फोनवर सांगितलं. "बबनभाऊ गेले," एवढंच म्हणाला. मी पुढच्या वाक्याची वाट पाहत राहिलो. बबनबद्दल काहीही ऐकलं की त्यामागे एखादी खोडी असणार, असं आम्ही धरूनच चालायचो. या वेळी नव्हती... झोपेतच हृदय बंद पडलं होतं.

नव्वदच्या दशकात नाशिक रोडला एकामागून एक कॉलन्या उभ्या राहत होत्या. तिथं बबन वायरिंग करायचा आणि मी प्लंबिंग. तो सटाण्याकडचा, बोलता बोलता अहिराणीत घसरायचा. साइटवर नवा माणूस आला की पहिल्याच दिवशी त्याच्या चपला फळीला खिळ्यांनी ठोकलेल्या सापडायच्या. विलास त्याच्या हाताखाली आला तेव्हा पस्तिशीचा होता. तो कामाला होता ती अंबड एमआयडीसीतली कंपनी बंद पडली होती आणि घरी दोन मुली होत्या. बबननं त्याला भिंतीची पातळी बघायची लेव्हल दाखवून सांगितलं, "यातला बुडबुडा खराब झालाय, दुकानातून नवा घेऊन ये." दुकानदारही सामील. त्यानं विलासला पुढच्या दुकानात पाठवलं, त्यानं आणखी पुढच्या. भर उन्हात तो रिकाम्या हातानं परतला तेव्हा अख्खी साइट हसली. विलासनं डबा उघडला नाही. "कंपनीत माझ्या हाताखाली माणसं होती, भाऊ," एवढंच म्हणाला. बबनचं हसू थांबलं. पण माफी मागणं त्याला कधी जमलं नाही.

पुढे एका बंगल्याची वास्तुशांत होती आणि हॉलमधली एक ट्यूब लावायची राहिली होती. पूजा चालू असतानाच विलासनं कोपऱ्यातल्या भिंतीला ड्रिल लावलं आणि ते थेट आतल्या पाण्याच्या पाइपात घुसलं. पाण्याची चिळकांडी उडाली. बबननं ड्रिलची पिन उपसली, विलासला बाजूला ढकललं आणि उजव्या हाताचा अंगठा भोकावर दाबून भिंतीला टेकून उभा राहिला. मला हळूच म्हणाला, "काही नही शे. वरच्या टाकीचा कॉक बंद कर." गच्चीला कुलूप होतं आणि किल्ली मालकाच्या मेहुण्याकडे. ती मिळवून कॉक बंद करून मी खाली आलो, तेव्हा एक आजी प्रसाद घेऊन त्याच्यासमोर उभ्या होत्या आणि त्यानं डावा हात पुढे केला होता.

"डाव्या हातानं प्रसाद घेतोस?"

"नाही आजी. तोंडातच घाला."

आजींनी घातला. शिरा खाताना त्याच्या कोपरावरून पाणी टपकत होतं, ते मात्र मालकांनी पाहिलं. "कोणी केलं हे?" त्यांनी विचारलं. विलास तोंड उघडणार, तोच बबन म्हणाला, "मी." भिंत आम्ही दुरुस्त करून दिली, पण त्या मालकांच्या पुढच्या इमारतीचं काम दुसऱ्याकडे गेलं. घरी जाताना विलासनं विचारलं, "माझं नाव का नाही घेतलंत?"

"नोकरी सोडून पळाला असतास. तुझा बुडबुडा आणायचा अजून बाकी शे ना!"

त्या दिवशी विलास पहिल्यांदा आमच्यात हसला. नंतर तो बबनचा भागीदार झाला. दोघांचं कधी भांडण झालं नाही असं नाही, पण भागीदारी टिकली.

दिवसकार्य उरकल्यावर आम्ही दोघं बबनच्या बायकोकडे, निर्मलावहिनींकडे गेलो होतो. बोलताना विलास दिवा लावायला उठला आणि बाहेरच्या खोलीतल्या बोर्डाकडे त्याचा हात गेला. वहिनी एकदम म्हणाल्या, "ते कडेचं बटण दाबू नका हो! हे म्हणायचे, ते दाबलं की सगळ्या कॉलनीचे दिवे जातात."

"कधीच दाबलं नाहीत?" विलासनं विचारलं.

"छे! घरात आलो तेव्हापासून नाही. पाहुण्यांची मुलं आली की मी तिथंच खुर्ची टाकून बसायची."

विलासनं बोर्डाचे स्क्रू काढले. त्या बटणामागे एकही वायर नव्हती. वहिनी बघत राहिल्या... मग तोंडाला पदर लावून इतक्या हसल्या की डोळ्यांत पाणी आलं. विलासनं बोर्ड होता तसा बसवला. परवा सहज गेलो होतो. अंधार पडल्यावर वहिनींनी उठून दिवा लावला. कडेचं ते बटण चुकवून, सवयीनं, जपून.